भाकरी टाकणारा मालक ठरतो

रस्त्यावरच्या कुत्र्याला मदत करू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं रूक्ष वाटेल: आधी सुई, मग भाकरी. कारण गल्लीचा एक कायदा कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही, पण नंदुरबारपासून शहाद्यापर्यंत तो सगळीकडे लागू आहे. कुत्रं वर्षभर कुणाचंच नसतं. ज्या दिवशी ते कुणाला चावतं, त्या दिवशी ते भाकरी टाकणाऱ्याचं होतं. रात्री गोणपाटात पिल्लं बांधून दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवणारे, मंगल कार्यालयामागे उरलेला भात ओतणारे, मटणाच्या दुकानातले तुकडे नाल्यात भिरकावणारे, यांपैकी कुणालाही त्या दिवशी कुणी विचारत नाही. कुत्र्याच्या कानामागे अळ्या पडल्या की ‘तुमचं कुत्रं घाण मारतंय, बघा जरा’ असा निरोप हेच लोक धाडतात आणि पुढे तक्रारअर्जावर पहिल्या सह्याही त्यांच्याच असतात. मला याचा राग आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही. पण नुसत्या रागाने कुत्र्याचंही भलं होत नाही आणि आपलीही सुटका होत नाही. तक्रारीसमोर दया हा पुरावा म्हणून चालत नाही, लस चालते. म्हणून ज्याला या कामात पडायचं आहे त्याने काम लसीपासूनच सुरू करावं.

लस कुत्र्याला टोचली तरी ती मुळात माणसाची असते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही चावल्यानंतर घरात काय चालतं ते बघा. मिरचीच्या पथाऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या नंदुरबारात जखमेवर मिरचीपूड भरायला लोकांना फार लांब जावं लागत नाही. कुणी चुना लावतं, कुणी हळद, कुणी भगताकडे नेतं. यातल्या कशानेही विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचं सीरमही मागून घ्यायचं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि संतापलेली गर्दी नेमकी तीच विसरते. चावलेलं कुत्रं 10 दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. ते दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, कुत्र्याची वाट बघत बसायचं नाही. काठ्या घेऊन कुत्र्याला ठार मारणारे स्वतःला गल्लीचे रक्षणकर्ते समजतात. प्रत्यक्षात खात्री करून घेण्याची सर्वात सोपी सोय ते आपल्या हाताने संपवतात आणि चावलेल्या पोराच्या आईबापांच्या जिवाला कायमचा घोर लावतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वरवरचा नाही. ज्या जिल्ह्यात बालकं कुपोषणाने दगावतात आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं, तिथे कुत्र्यांचे लाड कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. पण त्याने हिशेब अर्धाच केला आहे. पाड्यावरच्या पोराला कुत्रं चावलं तर सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. पहिला दिवस शून्य धरून हे मोजतात. म्हणजे चार खेपा, प्रत्येक खेपेला बापाची मजुरी बुडणार, शिवाय पावसाळ्यात नाले भरलेले. दिवाळीनंतर घरदार गुजरातेत ऊसतोडीला गेलं असेल तर उरलेले डोस राहूनच जातात आणि मागे पाड्यावर राहिलेली कुत्री पोटासाठी आणखी भटकतात. त्याऐवजी पाड्यावरच्या कुत्र्यांना वर्षातून एकदा लस टोचणं हे माणसाच्याच आरोग्याचं काम आहे, आणि कमी खर्चाचं. दवाखाना जितका लांब, तितकी कुत्र्याच्या लसीची गरज मोठी. ‘आधी माणसं बघा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच की माणसांकडे बघूनच हे बोलतो आहे.

‘मग सगळीच उचलून न्या ना!’ हा दुसरा आक्षेप, आणि तो घेणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातला दाखला तोंडपाठ असतो. 2006च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. संरक्षक पोशाखातली पथकं उतरली आणि लाखो कोंबड्या नष्ट केल्या गेल्या. तसंच इथे का करू नये? कारण पोल्ट्रीच्या शेडला भिंती असतात, रस्त्याला नसतात. शेड रिकामी केली की रिकामी राहते. गल्ली रिकामी केली की उकिरडा तिथेच असतो, आणि शेजारच्या भागातली लस न घेतलेली, अनोळखी कुत्री त्यावर येऊन बसतात. गोव्याने दुसरी वाट धरली. तिथे 2014च्या सुमारास ‘मिशन रेबीज’ सुरू झालं, गावोगाव फिरून 70 टक्के कुत्र्यांना लस देण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं, शाळांमधून मुलांना शिकवलं गेलं, आणि 2021मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्री तिथे आजही आहेत. नवापुरातून खरंतर वेगळाच धडा घ्यायला हवा होता: यंत्रणेला उतरायचं असेल तेव्हा ती उतरते. कोंबडीच्या आजाराने बाजार कोसळतो, म्हणून रातोरात माणसं आली. रेबीजने कुठलाच बाजार कोसळत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे, पण भाकरी टाकणाऱ्यांनी तो अर्धा वाचू नये. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितलं की निर्बीजीकरण व लस झालेलं कुत्रं त्याच्या भागातच परत सोडावं. रेबीज झालेलं किंवा आक्रमक मात्र सोडू नये. त्याच आदेशात हेही आहे की खाऊ घालायच्या जागा ठरवून द्याव्यात, वाटेल त्या रस्त्यावर घालू नये. 7 नोव्हेंबर 2025च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री उचलून पुन्हा तिथे न सोडण्यास सांगितलं. तेव्हा शाळेच्या फाटकासमोर बिस्किटं टाकून ‘मी मुक्या जिवाची सेवा करतो’ म्हणणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. खाऊ घातल्याने कुत्री वाढतात हा आरोप मला पटत नाही, ती उकिरड्यावर वाढतात. पण दुसऱ्याच्या दारात खाऊ घालणं हा भेकडपणा आहे. आणि घरात हौसेने लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड आणणाऱ्यांनी तर रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी बोलूच नये, जर तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक सुई एवढंही त्यांच्याकडून झालेलं नसेल. ‘घरचंच आहे, त्याला काय होणार?’ संध्याकाळी मोकळं सोडलेलं घरचं कुत्रं कुणाकुणाशी भांडून येतं ते मालकाला ठाऊक नसतं. हौस फिटली की तेच कुत्रं प्रकाशा रोडला नेऊन सोडायचं. पाळीव जनावर असं टाकून देणं 1960च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. पेट्रोल महाग पडतं.

आता कामाचं. ज्याला भटक्या कुत्र्यांना हात लावायचा आहे त्याने आधी स्वतः प्रतिबंधक लस घ्यावी: पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. कुत्र्याची लस 2 ते 8 अंश तापमानात राहायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42च्या वर जातो, तेव्हा मेडिकलमधून घेतलेली बाटली शर्टच्या खिशात घालून आणली तर टोचून उपयोग नाही. थर्मास आणि बर्फ घेऊनच जावं. सुई पशुवैद्यकानेच द्यावी. सरकारी दवाखाने इथे गाई-बैलांच्या आणि शेळ्यांच्या हिशेबाने चालतात, म्हणून कुत्र्याची लस शिल्लक आहे का हे आधी विचारून मगच कुत्रं न्यावं. फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. अळ्या पडलेल्या जखमेत फिनेल, रॉकेल ओतू नये. भोवतीचे केस कापावेत, डॉक्टरांनी दिलेला स्प्रे मारावा, अळ्या चिमट्याने काढाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं, कारण खोलवरच्या उशिरा वर येतात. कुत्र्याला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नये.

आणि कागद. टोचल्यावर बाटलीवरचं लेबल हलकेच सोलून कार्डावर चिकटवा, शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का घ्या. भटक्या कुत्र्याला नाव नसतं म्हणून रंग, डाग, शेपटी आणि निर्बीजीकरण झालं असेल तर कानाची खाच कार्डावर लिहा, फोटो लावा. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत निर्बीजीकरणाचा अर्ज द्या आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नाही. तक्रार आली की वाद घालू नका, कार्डाची झेरॉक्स पुढे करा. मूळ कार्ड कुणाच्या हातात देऊ नका, ते परत मिळत नाही.