चिंध्यांनी सांगितलेले सत्य



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीने शिवलेली एखादी गोधडी असेल. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून ती शिवलेली असते. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, हे आजी बोट ठेवून सांगते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशातील काही स्त्रियांनीही असेच तुकडे जोडले. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हते, ते त्यांनी सुई-दोऱ्याने सांगितले. आजच्या पाठात त्यांच्याकडून काय शिकता येईल ते पाहू या.

१. काय घडले होते?

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीमध्ये लष्कराने लोकांनी निवडून दिलेले सरकार उलथून टाकले. जनरल पिनोचेट यांची हुकूमशाही सुरू झाली आणि ती १९९० पर्यंत टिकली. कामगार, शेतकरी, विद्यार्थी यांना घरातून, रस्त्यावरून उचलून नेण्यात आले. त्यांतील कित्येक परतलेच नाहीत. त्यांच्या आया आणि पत्नी पोलीस ठाणी, तुरुंग, शवागारे धुंडाळत फिरल्या. सगळीकडे एकच उत्तर मिळे : ‘असा कोणी माणूस आमच्याकडे नाही.’ न्यायालयांनीही त्यांचे जवळजवळ सर्व अर्ज फेटाळले.

२. एक दार उघडे होते

ऑक्टोबर १९७३ मध्ये कॅथलिक ख्रिस्तसभा, इतर ख्रिस्ती पंथ आणि यहुदी समाज यांनी मिळून पीडितांसाठी एक समिती स्थापन केली. पिनोचेट यांच्या दबावामुळे १९७५ च्या अखेरीस ती बंद करावी लागली. परंतु सांतियागोचे आर्चबिशप कार्डिनल राऊल सिल्वा हेन्रिकेझ यांनी १ जानेवारी १९७६ पासून आपल्याच धर्मप्रांताचा एक विभाग म्हणून ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ म्हणजे एकात्मतेचे कार्यालय सुरू केले. ते कॅथेड्रलच्या शेजारीच होते. ख्रिस्तसभेचाच भाग असलेली ही संस्था मोडणे सरकारला सोपे नव्हते.

तेथे वकील अर्ज लिहून देत, सामाजिक कार्यकर्ते प्रत्येकाची माहिती नोंदवून ठेवत. तुमचा धर्म कोणता, पक्ष कोणता, असे विचारले जात नसे. सर्व श्रद्धावंतांना हे पटत होते असे मात्र नाही. लष्कराची बाजू घेणारे कॅथलिकही पुष्कळ होते.

३. गोणपाटावरची चित्रे

घरचा कर्ता माणूस गेलेला, हाताला काम नाही, मुले उपाशी. अशा स्त्रिया ख्रिस्तसभेच्या आश्रयाने एकत्र बसून शिवणकाम करू लागल्या. गोणपाटाच्या किंवा पिठाच्या पोत्याच्या कापडावर त्या जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून चित्र तयार करत. या चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच गोणपाट. वर अँडीज पर्वत आणि सूर्य, खाली घरे आणि चिंध्यांची इवली माणसे. दुरून पाहणाऱ्याला ते लहान मुलाचे चित्र वाटे. जवळ गेल्यावर दिसे, की कोणाला तरी पोलीस गाडीत कोंबत आहेत, कारखान्याला कुलूप आहे, बायका एका सामायिक पातेल्यात वस्तीचे जेवण शिजवत आहेत. कुठे फक्त एक प्रश्न शिवलेला असे : ‘ते कोठे आहेत?’ काहींनी तर हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे वापरले.

व्हिकारिया ही चित्रे विकत घेऊन परदेशी पाठवत असे. त्यातून चूल पेटे आणि चिलीतील सत्यही जगापुढे जाई. बायकांच्या हस्तकलेत भिण्यासारखे काय असणार, असे सुरुवातीला अधिकाऱ्यांना वाटले. खरा प्रकार लक्षात आल्यावर चित्रे जप्त होऊ लागली. तरी शिवणे थांबले नाही.

‘क्वेका’ हे चिलीचे जोडीने करायचे लोकनृत्य. १९७८ साली महिलादिनी बेपत्ता लोकांच्या नातलग स्त्रियांनी सांतियागोच्या एका नाट्यगृहात ते एकटीने केले. छातीवर हरवलेल्याचा फोटो आणि समोर जोडीदाराची रिकामी जागा. घोषणा देण्याची गरजच उरली नाही.

४. फळ काय मिळाले?

१९७८ च्या अखेरीस गुप्तपणे मिळालेल्या माहितीवरून व्हिकारियाने लोंकेन येथील चुन्याच्या जुन्या भट्ट्या तपासल्या. तेथे पंधरा जणांचे अवशेष सापडले. पाच वर्षांपूर्वी पोलिसांनी पकडलेले ते लोक होते. ‘असा कोणी माणूस नाही’ हे उत्तर खोटे ठरले. पुढे ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात जनतेने पिनोचेट यांना नाकारले.

पण सर्वांना न्याय मिळालेला नाही. बेपत्ता केलेल्या १,४६९ जणांचे काय झाले याचा छडा लावण्यासाठी २०२३ साली चिली सरकारने राष्ट्रीय योजना जाहीर केली. तोवर पन्नास वर्षे उलटली होती. कित्येक आया वाट पाहूनच गेल्या.

५. आपल्यासाठी बोध

संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू येशू एका विधवेचा दाखला देतो. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला मानत नाही. तरी ती पुनःपुन्हा त्याच्या दारी जाते. हा दाखला आपण चिकाटीच्या प्रार्थनेसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण ती विधवा न्याय मागत होती, हेही विसरू नये.

चिलीच्या ख्रिस्तसभेने या स्त्रियांच्या वतीने नुसती भाषणे केली नाहीत. तिने त्यांना बसायला जागा दिली, वकील दिला, त्यांच्या कामाला गिऱ्हाईक मिळवून दिले; बोलल्या त्या स्वतःच. आपल्या धर्मग्रामातही कोणाची जमीन बळकावली जाते, कोणाची मजुरी बुडते, कोणाची मुलगी सासरी छळली जाते. अशी व्यक्ती आपल्या दारी आली की ‘ही कटकट नको’ असे आपल्याला वाटते. ते दार उघडण्यापासूनच आपले काम सुरू होते.

चिंतन व चर्चेसाठी (कुटुंबात किंवा लहान ख्रिस्ती समूहात)

१. आपल्या वस्तीत कोणाचा अर्ज पुनःपुन्हा फेटाळला जात आहे?
२. आपल्या हाती कोणती कला किंवा कसब आहे, जे त्यांच्या कामी येईल?
३. आपल्या धर्मग्रामाचे सभागृह या महिन्यात कोणासाठी उघडता येईल?