ऑनलाइन पैठणी: घेताना किती, विकताना किती

लग्नसराई आली की मोबाइलवर ‘अस्सल येवला पैठणी, फक्त तीन हजार’ अशा जाहिराती सुरू होतात. अशा वेळी विक्रेत्याकडे आधी पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मागा, तोही दिवसाउजेडी काढलेला. हातमागावर मोराचा एकेक रंग वेगळ्या धाग्याने गुंफतात, त्यामुळे तो मागूनही जवळपास तसाच दिसतो. मागे मोकळ्या धाग्यांचं जंजाळ असेल तर साडी यंत्रमागावरची. नेसायला तीही छानच, पण मग भावही यंत्रमागाचाच द्या. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याचा नाद सोडा.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. भलतीच साडी निघाली तर आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. नाहीच दाद लागली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. विक्रेता सुरतेचा असला तरी नाशिककराला नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. पैसेच लुबाडले गेले असतील तर वेळ न दवडता १९३०.

आता विकणाऱ्यांचा हिशेब. साडी १०,००० रुपयांची आणि कमिशन १० टक्के धरू. कमिशनचे १,००० गेले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८०. नोंदणीकृत विक्रेत्याचे टीसीएसपोटी, म्हणजे संकेतस्थळाने आधीच कापायच्या करापोटी, आणखी ५० कापतात, पण ते बुडत नाहीत, पुढे करात वळते होतात. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आणि फक्त महाराष्ट्रात असेल, तर जीएसटी नोंदणीशिवाय नुसत्या नावनोंदणी क्रमांकावरही संकेतस्थळावर विकता येतं. ही सवलत ऑक्टोबर २०२३ पासूनची, पण ती अजून फारशी कोणाला ठाऊक नाही.

खरा चटका बसतो खोक्याचा. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. येणारा आकडा वजनापेक्षा मोठा असेल तर भाडं त्याचंच. ४०×३०×१० चं खोकं म्हणजे २.४ किलो, आत साडी किलोभराचीही नसली तरी. तेच ५ सेंटिमीटर उंचीचं घेतलं तर १.२. आणि पैठणीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवूच नका. दारातून परत आलेल्या पार्सलचं भाडं बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच माथी येतं, तेव्हा निम्मे पैसे आधी घ्या.