एक खांदा वर दिसतो, दोष दप्तराचा?

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलीचा उजवा खांदा वर दिसतो. जड दप्तरामुळे असेल का?

उत्तर : जड दप्तराने पाठ दुखते, पण कण्याला कायमचा बाक येत नाही. तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून कमरेतून वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ते उभ्याने एक्स-रे काढून कोन मोजतात. १० अंश किंवा अधिक बाक म्हणजे स्कोलिओसिस. उंची वाढत असताना साधारण २५ ते ४० अंशांचा बाक ब्रेसने (पाठीला बांधायच्या आधारपट्ट्याने) बहुधा वाढण्यापासून रोखता येतो. हा बाक उभे राहण्याच्या सवयीने येत नाही, म्हणून ‘नीट उभी राहा’ असे तिला रागावू नका. तपासणी मात्र लांबवू नका.