भात्याऐवजी गॅसची भट्टी

प्रश्न : शहापूर-मुरबाडकडील आम्ही काही लोहार पौषात म्हसा येथील यात्रेत जमलो असता सामाईक गॅसभट्टी बांधण्याचे ठरले. घरगुती सिलिंडर चालेल काय?
— एक वाचक, मुरबाड

उत्तर : चालणार नाही. स्वयंपाकाचा सिलिंडर धंद्यास वापरणे कायद्याने वर्ज्य आहे, आणि त्याच्या रेग्युलेटरातून येणारा मंद दाब शेगडीपुरताच असल्यामुळे, वायूच्या वेगाने हवा ओढून घेणाऱ्या बर्नरास तो पुरणारही नाही. तस्मात् १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर व दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर घ्यावा. भट्टीच्या पोलादी नळकांड्यास आतून १२६० अंश सेल्सिअस प्रतीच्या सिरॅमिक लोकरीचे दोन थर देऊन त्यांवर अग्निरोधक लेप अवश्य चढवावा, कारण उघड्या लोकरीचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात. हा वायू हवेहून जड असून जमिनीलगत साचतो. सबब बंदिस्त पडवी टाळून, खालूनही वारा खेळेल अशी जागा मुक्रर करावी. कमानपाट्याच्या कोयत्यांना या भट्टीत एकसारखा ताव मिळेल; लांब पहार मधोमध तापवायची तर मागूनही दार हवे, आणि वेड्यावाकड्या आकाराच्या कामास माझ्या मते जुना भाताच बरा.