डायल-अपचे ग्राहक आणि ब्रॉडबँडची सक्ती

१४ जून २०१८ रोजी भिलाई येथे एकाच समारंभात दोन कार्ये पार पडली. तेथील पोलाद कारखान्याच्या विस्ताराचे उद्घाटन झाले आणि ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडणाऱ्या ‘भारतनेट’ योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. असा तंतू गावोगावी पोहोचू लागला म्हणजे एक प्रश्न उद्भवतो : दूरध्वनीच्या तारेवरील जुनी डायल-अप पद्धत वापरणाऱ्यास ती सोडणे भाग पडेल काय?

जुन्या पद्धतीची मर्यादा

भारतात सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. संगणकाचे अंकी संदेश मोडेम हे यंत्र ध्वनिसंकेतांत बदलते व ते दूरध्वनीवरून धाडते. परंतु दूरध्वनीची व्यवस्था मानवी आवाजासाठी केलेली असते. सेकंदास सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचे ध्वनीच तीतून जातात. या अरुंद वाटेने सेकंदास फार तर ५६,००० बिट येऊ शकतात. ५० लक्ष बाइटांचे छायाचित्र म्हणजे ४ कोटी बिट. ते येण्यास सुमारे १२ मिनिटे लागतात आणि तोवर दूरध्वनी अडून राहतो.

नवी वाट

येथे दोष तारेचा नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याच तारेवर आवाजाहून उच्च कंपनसंख्यांचा उपयोग केला की बोलणे व इंटरनेट एकाच वेळी चालते. मात्र असे संदेश लवकर क्षीण होतात. केंद्रापासून काही किलोमीटर गेल्यावर ते निरुपयोगी ठरतात. काचेच्या तंतूतील प्रकाश याहून पुष्कळ दूर जातो. भारताच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान गती सेकंदास २,५६,००० बिट होती. २०२३ मध्ये ती २० लक्ष बिट ठरली. या गतीने वरील छायाचित्र २० सेकंदांत येते.

सक्ती कशी येते?

डायल-अप सोडण्यासाठी कायद्याने बंदी घालावी लागत नाही. इंटरनेटवरील मजकूर चित्रांनी जड होतो, ग्राहक घटतात, मग सेवा चालविणे परवडेनासे होते. अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. भारतातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये अशीच संपली.

तथापि तांब्याच्या तारेचा एक गुण विसरता येत नाही. साध्या दूरध्वनीस लागणारी वीज केंद्रातील बॅटरीतून त्या तारेनेच येते; म्हणून घरातील दिवे गेले तरी तो चालतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. घरातील यंत्रासाठी विजेची निराळी सोय करावी लागते.

सारांश, बदल टळणारा नाही. परंतु जुनी तार काढण्यापूर्वी नवी जोडणी घरापर्यंत आली आहे, तिचा दर परवडतो आणि वीज गेल्यावरही ती चालते, एवढे पाहिले पाहिजे. ते पाहिले तर ग्राहकास तो बदल सोयीचा वाटेल. न पाहिले तर ती केवळ सक्ती ठरेल.