घाटघरच्या वाटेवर

(या पाठाचे लेखक शिक्षक आहेत. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील डोंगराळ भागात मोटारसायकलवरून एकट्याने प्रवास केला. त्या प्रवासातील एक अनुभव त्यांनी येथे सांगितला आहे. खरे धाडस कशाला म्हणावे, हा प्रश्न मनात ठेवून पाठ वाचा.)



तुमच्यापैकी किती जणांना मोटारसायकल आवडते? हा प्रश्न मी वर्गात विचारला की सगळे हात वर होतात. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "मोटारसायकल चालवताना सर्वांत अवघड काम कोणते?" कोणी म्हणतो, "चढ चढणे." कोणी म्हणतो, "वळण घेणे." माझे उत्तर वेगळे आहे. ते मी शेवटी सांगेन. आधी माझ्या एका प्रवासाची हकिकत ऐका.

मला लहानपणापासून नकाशे पाहण्याचा नाद आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात लेसोथो नावाचा एक छोटा देश आहे. चारही बाजूंनी तो दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. सगळा देश डोंगराळ. त्याची सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच! सानी नावाच्या खिंडीतून तिथे जाणारा रस्ता तर २८०० मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचतो. अशा रस्त्यांवर मोटारसायकलने एकट्याने फिरणाऱ्या प्रवाशांची वर्णने मी वाचली होती. आपणही असे जावे, असे मला फार वाटे. पण शिक्षकाच्या पगारात आफ्रिका कुठली?

एकदा जिल्ह्याचा नकाशा पाहताना माझे बोट अकोले तालुक्यावर थांबले. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई तिथेच, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. त्याची उंची १६४६ मीटर. मी आफ्रिकेचे डोंगर शोधत होतो आणि आपल्या जिल्ह्यातले डोंगर मी पाहिलेच नव्हते. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' या म्हणीचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

सप्टेंबर महिना होता. दोन दिवस सुट्टी होती. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता मी नगरहून निघालो. (आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; पण बोलताना आपण अजून 'नगर' म्हणतोच.) घरी एवढेच सांगितले, "भंडारदऱ्याला जाऊन रात्री परत येतो." पुढे कोणत्या वाटेने जाणार, हे कोणालाच सांगितले नाही. ही माझी पहिली चूक.

राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर अशी गावे मागे पडली. लोणीच्या आसपास दोन्ही बाजूंना उसाची हिरवी शेते होती. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरानगरचा कारखाना याच भागात आहे. अकोल्यानंतर डोंगर जवळ येऊ लागले. राजूरला मी पेट्रोलची टाकी भरून घेतली. दुपारी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात पोहोचलो.

भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. त्याचे बांधकाम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. एवढे मोठे दगडी धरण पाहून मी थक्क झालो. सकाळी पाहिलेला लोणीचा ऊस याच पाण्यावर वाढतो, हे तेव्हा लक्षात आले. डोंगरातला पाऊस धरणात थांबतो, म्हणून दूरच्या कोरड्या शेताला पाणी मिळते.

पाहता पाहता चार वाजले. खरे तर तेव्हाच परत फिरायला हवे होते. नगर दीडशे किलोमीटरांहून जास्त दूर होते. पण धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता समोर दिसत होता. घाटघर, साम्रद, रतनवाडी ही नावे मला बोलावत होती. 'दोन तासांत चक्कर होईल,' असे म्हणून मी किक मारली. ही दुसरी चूक.

उडदावणे गाव मागे पडले आणि धुके उतरू लागले. आधी डोंगर दिसेनासे झाले, मग झाडे, मग रस्त्याची कड. मी हेडलाइटचा प्रकाश वर केला. पण जास्त दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंतच उभी राहिली. असे का झाले? धुके म्हणजे पाण्याचे अगदी बारीक थेंब. वर केलेला प्रकाश त्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांकडे परत येतो. म्हणून धुक्यात दिवा नेहमी खाली ठेवावा. हे मला ठाऊक होते. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलेही आठवत नाही.

पुढे उतार लागला. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची असते. मग इंजिनच चाकाला धरून ठेवते आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. मी मात्र क्लच दाबून गाडी सोडून दिली होती. अचानक समोर एक गाय दिसली. मी मागचा ब्रेक जोरात दाबला. रस्त्यावर ओला चिखल होता. मागचे चाक जागीच अडकले, घसरले आणि मी गाडीसह आडवा झालो. डोक्यात हेल्मेट होते, वेगही कमी होता, म्हणून गुडघा खरचटण्यावरच निभावले. गाडीचा आरसा मात्र फुटला.

गायीच्या मागून एक म्हातारे बाबा आले. डोक्यावर इरले, हातात काठी. त्यांनी मला हात देऊन उठवले.

"कुठं निघालात, पाव्हणं?"

"घाटघरला, बाबा. तिथून रतनवाडीवरून नगरला परत जायचे आहे."

"आज?" बाबा हसले. "फुडं धुकं लई दाट हाय. आमची गुरंबी या टायमाला वाट चालत न्हाईत. आज इथंच ऱ्हावा."

खरे सांगतो, मला त्यांचा सल्ला आवडला नाही. एवढ्या जवळ येऊन थांबायचे? लोक काय म्हणतील? मी किक मारली. इंजिन सुरू झाले. पण हँडल धरलेले माझे हात थरथरत होते. मी क्षणभर तसाच उभा राहिलो आणि मग चावी फिरवून इंजिन बंद केले.

बाबांचे घर जवळच्या वाडीत होते. शेणाने सारवलेली जमीन, मधोमध पेटलेली चूल. मगरिबच्या नमाजाची वेळ झाली होती. पण सूर्य कुठे आहे, हेच कळत नव्हते. मी विचारले, "बाबा, मावळती कोणत्या बाजूला?" बाबांनी बाहेर पाहिलेसुद्धा नाही. काठीने दाराकडे बोट करून म्हणाले, "ही काय. कोकणातून वारा येतोय ना, ती मावळती." आजींनी जमिनीवर धुतलेले घोंगडे अंथरून दिले. मी नमाज पढेपर्यंत घरातील मुले न बोलता बसून राहिली. नंतर आम्ही सर्वांनी नागलीची भाकरी आणि हुलग्याचे पिठले खाल्ले. मी कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, हे त्या घरात कोणी विचारले नाही. "जेवलात का?" एवढेच विचारले.

जेवण झाले, पण झोप लागेना. फोनला रेंज नव्हती. घरी अम्मी वाट पाहत असेल. मी कुठे आहे, हे या जगात बाबांशिवाय कोणालाच माहीत नव्हते. एकट्याने प्रवास करण्याची मला हौस होती; पण त्या रात्री एकटा मी नव्हतो, एकटी अम्मी होती.

सकाळी धुके विरले. मी बाबांबरोबर चालत पुढे गेलो. अर्ध्या किलोमीटरवर एक वळण होते. रात्रीच्या पावसात डोंगराची माती आणि दगड तिथे रस्त्यावर घसरून आले होते. दुसऱ्या बाजूला खोल दरी होती. माझ्या पोटात गोळा आला. वाडीतील माणसे फावड्यांनी माती बाजूला करत होती. मीही त्यांच्याबरोबर दगड उचलले. वाट मोकळी झाल्यावर मी सावकाश घाटघरच्या कड्यापर्यंत गेलो.

मित्रांनो, त्या कड्यावर आपला जिल्हा संपतो आणि खाली कोकण सुरू होते. समुद्रावरून आलेले ढग या सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिते होतात. म्हणून घाटघरला धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडे नगर, पाथर्डी, जामखेडला आपण आभाळाकडे पाहत बसतो. एकाच जिल्ह्यात ही दोन टोके आहेत.

शेंडीला आल्यावर फोन लागला. अम्मी रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "बेटा, रात्रभर मी दाराची कडी लावली नाही." माझ्या गुडघ्यापेक्षा ते वाक्य जास्त दुखले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. मोटारसायकल चालवताना सर्वांत अवघड काम आहे, वेळेवर थांबणे. चढ इंजिन चढते, वळण सरावाने जमते. पण थांबायला मन आवरावे लागते. तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल, परवाना काढाल, मग जरूर फिरा. हेल्मेट घाला. निघण्यापूर्वी ब्रेक, दिवे आणि चाकांतील हवा तपासा. घरी जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठा. आणि ज्या गावात जाल, तिथल्या माणसांचे ऐका. नकाशात रस्ता दिसतो. त्या रस्त्यावरचे धुके तिथल्या माणसालाच माहीत असते.

लेसोथोला मी अजून गेलेलो नाही. कधी गेलोच, तर आधी अम्मीला नकाशावर वाट दाखवून जाईन.

शब्दार्थ

सखल – खोलगट, कमी उंचीचा
खिंड – दोन डोंगरांमधील वाट, दर्रा
धुके – कोहरा
इरले – पावसापासून बचावासाठी डोक्यावर घेण्याचे पानांचे व बांबूचे आच्छादन
मावळती – पश्चिम, मगरिब
नागली – नाचणी
हुलगा – कुळीथ, एक कडधान्य
रिते होणे – रिकामे होणे
मुक्काम – थांबण्याची जागा

वाक्प्रचार

थक्क होणे – आश्चर्य वाटणे
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
मन आवरणे – इच्छेवर ताबा ठेवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) बाबांनी मावळतीची दिशा कशावरून ओळखली?
(इ) धुक्यात गाडीचा दिवा कसा ठेवावा?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या हातून कोणत्या चुका झाल्या?
(आ) घाटघरला जास्त आणि नगरला कमी पाऊस का पडतो?
(इ) "त्या रात्री एकटा मी नव्हतो, एकटी अम्मी होती." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. हकिकत, जिल्हा, तालुका, मुक्काम हे शब्द मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

४. तुम्ही केलेल्या एखाद्या प्रवासाचे दहा ओळींत वर्णन करा.