सर्व वयांसाठी करमणूक

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:४, ५, शास्ते १६:२३-२७



बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे, इ. स. पूर्व ५१८ च्या सुमारास, जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसणाऱ्या यरुशलेमेचे एक चित्र ठेवले. चौकांत वृद्ध स्त्रीपुरुष बसले आहेत, वयोमानामुळे त्यांच्या हाती काठी आहे. आणि त्याच नगराच्या रस्त्यांवर मुलामुलींचा खेळ रंगला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वृद्धांना कोणी धावायला लावलेले नाही, मुलांना कोणी गप्प बसवलेले नाही. तरी दोघेही एकमेकांच्या दृष्टीसमोर आहेत. मंडळीची सहल, कौटुंबिक शिबिर किंवा नाताळातील खेळ आखणाऱ्यांना याहून उत्तम नमुना मिळणे कठीण.

एक शब्द, दोन अर्थ

मुलांच्या खेळण्यासाठी येथे जे इब्री क्रियापद आले आहे, ते साधारणपणे 'साहक' असे उच्चारता येईल. नीतिसूत्रे ८:३०, ३१ मध्ये देवासमोर हर्ष करणाऱ्या ज्ञानासाठी हेच क्रियापद आहे. परंतु डोळे फोडलेल्या शमशोनाला पलिष्ट्यांनी मेजवानीत गंमत करून दाखवण्यासाठी आणले, तेथेही हाच शब्द येतो. भाषांतर करताना मला येथे थबकावे लागते. शब्द एकच, पण एके ठिकाणी खेळणारा आनंदात आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तो इतरांच्या हसण्याचे साधन झाला आहे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला ही कसोटी लावता येते : खेळणारा हसतो आहे, की त्याला हसले जात आहे?

एक बोलका दाखला

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यातील कवायतीला कंटाळलेल्या १८ तरुणांसाठी एक खेळ शोधला. पीच फळांच्या टोपल्या उंच टांगल्या, १३ नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्माला आला. तो झपाट्याने पसरला. परंतु जवळच्याच होल्योक गावी शारीरिक शिक्षणाचे काम पाहणाऱ्या विल्यम मॉर्गन यांच्या वर्गात प्रौढ वयाचे व्यापारी येत असत आणि त्यांना ती धावपळ व धक्काबुक्की झेपेना. मॉर्गन यांनी त्यांना घरी बसवले नाही. १८९५ मध्ये त्यांनी मध्ये सहा फूट सहा इंच उंचीवर जाळे बांधले, दोन्ही पक्षांना वेगळे ठेवले आणि कितीही जणांना खेळता येईल असा नियम केला. हाच पुढे व्हॉलीबॉल झाला. माणसे खेळाला अपुरी पडली, तेव्हा मॉर्गन यांनी खेळ बदलला. आपण बहुधा याच्या उलट करतो.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या सहलीची आखणी करणाऱ्या समितीत मी होतो. तीन पायांची शर्यत, रस्सीखेच, क्रिकेट, सारे उत्साहात पार पडले. परतताना शेजारी बसलेल्या आजोबांना मी विचारले, "दिवस कसा गेला?" ते म्हणाले, "जेवण चांगले होते." त्या दिवसाविषयी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते, आणि ती उणीव आम्ही घडवली होती, हे मला त्यावेळी उमगले.

जीवनाच्या पायऱ्या

१. बालके : खेळ लहान असावा व लवकर बदलावा. संगीत खुर्चीत बहुधा सर्वात लहान मूल आधी बाद होते आणि उरलेला वेळ पाहत बसते. खुर्ची काढा, मूल काढू नका; उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी दाटीने बसावे, हाच खेळ करा.

२. शाळकरी मुले : त्यांना नियम व संघ आवडतात. लगोरी, खो-खो, लंगडी यांना खर्च जवळजवळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल हवी.

३. तरुण : त्यांना खेळाइतकीच जबाबदारी हवी असते. पंचाचे काम, गुणफलक, लहानांचे संघ त्यांच्यावर सोपवा.

४. संसारी माणसे : सहलीत भगिनी चुलीपाशी अडकलेल्या असतात. ज्यांच्या हाती दिवसभर झारा आहे, त्यांची करमणूक झाली असे म्हणता येईल काय? जेवण बाहेरून मागवा, अथवा वाढण्याचे व आवरण्याचे काम बंधूंनी घ्यावे.

५. वृद्ध : त्याच मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल व बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सुचवले आहेत, कारण त्यामुळे पडण्याचा धोका कमी होतो. म्हणून त्यांना केवळ खुर्ची देऊन थांबू नये. बसून कडे फेकणे, कॅरम, मऊ चेंडू झेलणे हे जमण्यासारखे आहे. सावली, पिण्याचे पाणी आणि जवळ स्वच्छतागृह यांची खात्री आधी करावी. सागरगोटे आजीने नातींना शिकवावेत; तेथे आजी पाहुणी राहत नाही, गुरू होते.

शेवटी सर्वांनी मिळून एक तरी खेळ असावा, ज्यात प्रत्येक संघात प्रत्येक वयाची व्यक्ती असेल. आपण महाराष्ट्रात असा वा दूरच्या शहरातील एखाद्या लहानशा मराठी मंडळीत. जेथे वीसच माणसे जमतात, तेथे तर याची गरज अधिकच आहे. कारण तेथे आजी-आजोबांची भाषा नातवंडांच्या कानी पडण्याची हीच संधी असते.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मागील कार्यक्रमात कोण केवळ पाहत बसले होते?
२. कोणाच्या फजितीवर आपण हसलो?
३. पुढील कार्यक्रम आखण्यापूर्वी आपण कोणत्या वृद्धाला व कोणत्या मुलाला विचारणार आहोत?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन नावांनी लिहून काढा आणि येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांना भेटा.